घाम काढला म्हणून ताप जात नाही

ज्यांची आजारी पडायची सवय मोडली आहे, अशा माणसांसाठी मी हे लिहिते आहे. अशी माणसं रोज चालतात, पळतात, घरात खोकल्याचं औषध ठेवत नाहीत, आणि ऑफिसात कोणी शिंकलं की त्याच्याकडे जरा दयेनं बघतात. मी त्यांच्यातलीच होते. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं मला आडवं केलं. आता बरी आहे. वैद्यकशास्त्र मला येत नाही, त्यामुळे ते सांगायच्या भानगडीत पडणार नाही. जे झालं तेवढंच सांगते. त्यात व्यायाम करणाऱ्यांसाठी काही आहे, आणि एकटं राहणाऱ्यांसाठी त्याहून थोडं जास्त.

*

मी राज्य सरकारच्या एका खात्यात काम करते. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून रायपूरला आले. आम्ही भावंडं तिथल्या गुढियारी वस्तीत वाढलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी प्रज्ञा हैदराबादला नोकरी करते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, रायपुरातच चौबे कॉलनीत राहतो.

आमचं ऑफिस शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला गेलं तेव्हा आम्ही सगळे शहरातून स्टाफच्या बसनं जाऊ-येऊ लागलो. हिवाळ्यात बसच्या काचा बंद असायच्या. एकजण खोकायला लागला की थोड्याच दिवसांत अख्खी बस खोकायची. त्यात माझा नंबर ठरलेला. मार्च उजाडेपर्यंत माझ्या टेबलावर फायलींपेक्षा वाफ घ्यायच्या गोळ्या जास्त असत.

प्रज्ञा शिकायला बाहेर गेल्यावर शहरातलं भाड्याचं घर सोडलं आणि नवा रायपूरमध्येच सरकारी क्वार्टर घेतलं. तिसरा मजला, दोन खोल्या, समोर सहा गाड्या एका वेळी जातील एवढा रस्ता आणि त्यावर एकही गाडी नाही. ज्यांनी ते शहर पाहिलं नाही त्यांना सांगते: तिथे सगळं आहे, फक्त माणसं अजून यायची आहेत. संध्याकाळी ऑफिसं सुटली की बसगाड्या आणि कार जुन्या रायपूरकडे निघून जातात आणि रस्त्यावरचे दिवे उगाच जळत राहतात. भाजी घ्यायची तर स्कूटी काढावी लागते. शेजारी बोलावं तर शेजारची दोन क्वार्टर्स कुलूपबंद.

पहिल्या हिवाळ्यात मी चालायला लागले. तब्येतीसाठी लागले असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण, साडेपाचला घरी येऊन काय करायचं हे मला कळत नव्हतं. चालता चालता पळायला लागले. पळताना आपण एकटे आहोत असं वाटत नाही, कारण पळणारा माणूस एकटाच असतो, त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही.

आणि त्यानंतर मला सर्दी झाली नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. ऑफिसात मला ‘दौडवाली मॅडम’ म्हणायला लागले. मला ते आवडायचं. कोणी नाक पुसत आलं की मी म्हणायचे, “सुबह जूते पहनो, दवाई मत ढूँढो.” आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

*

जानेवारीत शहरात एक मोठी शर्यत होती, एकवीस किलोमीटरची. ऑफिसातल्या पोरापोरींनी नावं दिली, मीही दिलं. पन्नाशी उलटलेली बाई त्यांच्यात मी एकटीच. मग रोजचं पळणं वाढवलं. आधी मी मला बरं वाटेल इतकं पळायचे, आता मला बरं वाटत नाही इतकं पळायला लागले. विधानसभेचं अधिवेशन जवळ आलेलं, ऑफिसातून उशिरा सुटका, झोप कमी. पहाटेच्या धुक्यात धूर मिसळलेला असायचा. कुठे पराली, म्हणजे शेतात जाळलेलं भाताचं काड, कुठे शेकोट्या, शिवाय वारा फिरला की कारखान्यांकडून येणारी काळी भुकटी. सकाळी गॅलरीतल्या दोरीवरचा पांढरा रुमाल झटकला की ती दिसते. मी त्याच हवेत तोंड उघडं टाकून पळत होते.

एका सकाळी घसा दुखला. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं आणि संध्याकाळी ताप चढला.

इथे मी जी चूक केली ती आमच्या घरातली आहे, म्हणून नीट सांगते. लहानपणी आम्हांला ताप आला की आई काढा पाजायची आणि अंगावर गोधडी टाकायची, एकावर एक, वर वडिलांचा रेल्वेचा जाड कोट. मग दर थोड्या वेळानं मानेखाली हात घालून बघायची. “घाम आला का? आला तं समज ताप गेला.” घाम आला की ती गोधड्या काढायची, आणि खरोखर बरं वाटायचं. ताप उतरायला लागतो तेव्हा घाम येतो, हे आज मला कळतं. आईनं त्याचं उलटं केलं होतं: घाम आणला की ताप उतरेल. पण आई निदान आम्हांला निजवून ठेवायची.

मी काय केलं? घाम काढायचाच तर गोधडीत पडून वेळ कशाला घालवायचा, असा हिशेब केला. ट्रॅकसूटवर रेनकोट चढवला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि बाहेर पडले. रेनकोट घालून कोरड्या रस्त्यावर पळणारी बाई. बघायला कोणी नव्हतं म्हणून बरं. सेक्टरच्या टोकापर्यंत जाऊन परत आले तेव्हा आतले कपडे पिळून काढावे इतके ओले झाले होते. अंग हलकं वाटलं. मी आंघोळ केली, खिचडी खाल्ली आणि प्रज्ञाचा फोन आला तेव्हा ती काही विचारायच्या आतच सांगितलं, “मी एकदम ठीक आहे.”

“आवाज़ भारी लग रही है, मम्मी.” ती माझ्याशी हिंदीतच बोलते. मराठी तिला सगळी कळते.

“आत्ता पळून आले ना, म्हणून.”

दुसऱ्या दिवशीही रेनकोट घातला. तिसऱ्या दिवशी घालू शकले नाही, कारण बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उजव्या बाजूला बरगडीखाली सुरी घुसावी तशी कळ आली. श्वास घेतला की कळ. न घेऊन चालत नाही.

*

मी स्कूटीवरून इस्पितळात गेले. हे ऐकून आजही लोक कपाळाला हात लावतात. पण त्या सकाळी मला ते अगदी सरळ वाटलं. रविवार होता, बस नव्हती. दादाला फोन केला असता तर तो चौबे कॉलनीतून इतक्या लांब आला असता, वहिनी सोबत आली असती, आणि ती वाटेत जे बोलली असती ते ऐकायला माझ्याकडे श्वास नव्हता. मी हेल्मेट घातलं आणि निघाले. मधे दोनदा रस्त्याच्या कडेला थांबले. दोन्ही बाजूंना लांबपर्यंत लावलेली शोभेची झाडं, आणि माणूस नाही.

इस्पितळाच्या खिडकीवरच्या मुलीनं नाव, वय लिहून घेतलं आणि विचारलं, “साथ में कौन है?”

“कोई नहीं.”

“मतलब अटेंडेंट?”

“मैं ही हूँ.”

ती माझ्याकडे बघायला लागली. “पेशेंट कौन है?”

“मैं ही हूँ.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मीही हसले असते, पण खोकला आला आणि तो थांबेना, तेव्हा त्या मुलीनं बाकीचे प्रश्न सोडून व्हीलचेअर बोलावली.

पुढे बोटाला चिमटा लावला, एक्स-रे काढला, रक्त घेतलं. कोरोनाचीही चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. छातीचे डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, शांत, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागावर पेनाचं टोक फिरवलं. तिथे पांढरं होतं.

“न्यूमोनिया है. भर्ती होना पड़ेगा. घर में किसको बताना है?”

मला आठवतं, मला न्यूमोनिया या शब्दाची भीती वाटली नाही. पुढच्या प्रश्नाची वाटली. दादाला सांगितलं की प्रज्ञाला कळणार. प्रज्ञाला कळलं की ती जे दोन वर्षं म्हणते आहे ते पुन्हा सुरू होणार: ते रिकामं शहर सोड, नोकरी सोड, हैदराबादला ये. आतापर्यंत माझ्याकडे एकच उत्तर होतं, ‘मला काय झालंय?’ आता त्या उत्तरावर पांढरा डाग पडला होता.

मी डॉक्टरांना म्हटलं, “मेरी स्कूटी पार्किंग में है. पहले वो बता दीजिए किसी को, शाम को हवा निकाल देते हैं लोग.”

*

इस्पितळातल्या रात्री वाईट असतात असं लोक सांगतात. मला दुपार वाईट गेली. सकाळी वर्दळ असते: रक्त घेणारे, चादर बदलणारे, फेरीवर येणारे डॉक्टर. संध्याकाळी भेटायला येणारे. दुपारी जेवणानंतर सगळा वॉर्ड झोपतो आणि नाकातल्या नळीतून ऑक्सिजनचा बारीक आवाज तेवढा येत राहतो. नर्सनं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, तीन गोळ्यांचं. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढल्या पाहिजेत. एकवीस किलोमीटर पळायला निघालेली बाई, आणि माझ्यानं एक गोळी पुरती उचलवत नव्हती. मी ते यंत्र उशीखाली सरकवून ठेवायचे, कोणी बघू नये म्हणून.

दादाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो आला तेव्हा पायांत चपला दोन वेगवेगळ्या होत्या. “काहून नाही सांगितलं तू? आम्ही का मेलो होतो का?” एवढं बोलून तो पलंगाच्या कडेला बसला आणि माझ्या पायांवरची चादर सारखी करत राहिला. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्याला तिथे थांबता येत नव्हतं, आणि मीही थांबू दिलं नसतं.

वहिनी डबा घेऊन आली. भात, वरण, वर लिंबाची फोड. आणि सोबत भाषण. “पळणं, पळणं, पळणं! या वयात पळून कोणाच्या घरी जाचं आहे तुले?”

“तुझ्याच घरी येईन.”

“ये ना मग! स्कूटीवर नको येऊ फक्त.”

ती बोलते ते मनात ठेवत नाही. डबा रिकामा झाल्याशिवाय उठायची नाही, हेही खरं.

पण ते दोघं गेले की पुन्हा दुपार. माझ्या शेजारच्या पलंगावर महासमुंदकडच्या एका गावची म्हातारी होती. तिच्याभोवती कायम चार-पाच माणसं. जमिनीवर चटई, चटईवर डबे, डब्यांत फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वर तिळाची फोडणी. म्हातारीची सून सुखबती माझ्याकडे सारखी बघायची. एका दुपारी शेवटी तिनं विचारलंच, “तोर संग म कोनो नइ हे का, दीदी?”

“भाऊ येतो ना.”

“ओ तो आथे अउ चल देथे.” येतो आणि निघून जातो. ते खरंच होतं.

त्याच दुपारी मला पुन्हा एक्स-रेला न्यायचं होतं आणि वॉर्डबॉय म्हणाला, बरोबर घरचा माणूस पाहिजे, असा नियम आहे. मी म्हटलं, माझ्यासोबत कोणी नाही, मी चालत जाते. तो ऐकेना. तेव्हा सुखबती चटईवरून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “मैं हंव न. मोर दीदी हे.” आणि व्हीलचेअरच्या मागे लागली. लिफ्टमध्ये तिनं मला विचारलं, “का नाव हे तोर?” नाव ठाऊक नसलेली माझी बहीण. मी नाव सांगितलं. त्यानंतर रोज माझ्या स्टुलावर दोन फरा झाकून ठेवलेले असत. मी तिला कधी धन्यवाद म्हटलं नाही. काय म्हणायचं ते सुचेना. ती लोकं माझ्या आधी घरी गेली. जाताना चटई गुंडाळली, पलंगाखाली झाडून घेतलं, माझ्या पलंगाखालीसुद्धा.

*

बरं वाटायला लागल्यावर मी डॉक्टरांना धरलं. मला हिशेब हवा होता. पळत होते तर सर्दी होत नव्हती, मग पळत असतानाच न्यूमोनिया कसा झाला? पळणं चांगलं की वाईट, एक काय ते सांगा.

ते म्हणाले, एक काय ते सांगता येणार नाही. मग खुर्ची ओढून बसले, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बेतानं, नियमानं केलेला व्यायाम शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं ठेवतो, ते फिरते राहतात. तुमचे तीन हिवाळे बरे गेले त्यात त्याचा हात असणारच. शिवाय तेव्हा तुम्ही त्या बंद बसमधूनही सुटला होतात, हे विसरू नका. पण ताकदीबाहेर, रोज, झोप मारून केलेली मेहनत वेगळी. अशा मेहनतीनंतर काही काळ पहारा ढिला पडतो असं पुष्कळ जण मानतात, काही मानत नाहीत, त्यावर अजून वाद आहे. शर्यतीच्या तयारीत माणूस झोपत कमी असतो, काळजी जास्त करतो, धूर जास्त ओढतो, तेव्हा दोष कशाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

“मतलब आपको भी नहीं मालूम,” मी म्हटलं.

“इतना मालूम है कि बुखार में दौड़ना ग़लत था. इस पर कोई बहस नहीं है.”

त्यांनी एक साधी खूण सांगितली. नुसतं नाक वाहतंय, घसा जरासा खवखवतोय, आणि ताप नाही, तर हळू चालायला हरकत नसते. पण ताप, अंगदुखी, छातीत खोकला, दम, यातलं काहीही असेल तर बूट कपाटात. ताप असताना शरीर आधीच एक काम करत असतं, हृदयही जास्त धावत असतं. त्याच्यावर दुसरं काम टाकलं तर दोन्ही बिघडतात. आणि घाम काढला म्हणून ताप जात नाही, फक्त अंगातलं पाणी जातं.

मी त्यांना आईच्या गोधडीचं सांगितलं. ते पहिल्यांदा हसले. “मेरी नानी भी यही करती थी. लेकिन रेनकोट!”

*

इस्पितळातून सुटी मिळाली तेव्हा प्रज्ञा हैदराबादहून आली होती. दादाच्या घरी, चौबे कॉलनीत, वरच्या खोलीत माझी गादी घातली. घर भरलेलं. खाली टीव्ही, भाचेसुनेचं तान्हं बाळ, वहिनीची भजनाला नव्हे, बुद्धवंदनेला जमणारी मंडळी, शेजारणी. सगळे वर येऊन विचारून जायचे. आणि तिथे मला इस्पितळापेक्षा जास्त एकटं वाटलं. हे लिहायला संकोच वाटतो, कारण त्यांनी माझं फार केलं. पण आजाऱ्याच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यात आपला चेहरा बदलून आत येतो. दिवसभर असे बदललेले चेहरे बघितले की आपलं कोणी राहिलं नाही असं वाटायला लागतं.

प्रज्ञानं चेहरा बदलला नाही. ती रागावलेली होती आणि रागावलेलीच आत आली.

“मुझे एक बात बताओ. उस दिन फ़ोन पे बुखार था ना?”

मी म्हटलं, “थोडा होता.”

“कितना थोड़ा?”

मी पांघरुणाची घडी घालायला लागले.

“मम्मी, मैं ये नहीं बोल रही कि अकेले मत रहो.” ती भिंतीला टेकून उभी होती, बसत नव्हती. “पहले बोलती थी, अब नहीं बोलूँगी. आप वहाँ खुश हो, मुझे दिखता है. पर मैं फ़ोन पे पूछती हूँ और आप झूठ बोलते हो, तो मेरे पूछने का मतलब क्या है? फिर मैं हर रोज़ यही सोचूँगी कि आज भी झूठ है.”

“तुला काळजी नको म्हणून.”

“झूठ से काळजी कम होती है क्या?” काळजी हा शब्द तिनं मराठीतच घेतला. दुसरा तिला सुचला नसावा.

वहिनी दारात दूध घेऊन उभी होती. तिनं पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. “जाऊ दे पोरी, तुह्या आजीचंही असंच होतं. मरायच्या दिवशीही म्हणे, मले काय झालं आहे.” मग तिला कळलं की हे काही बाजू घेणं झालं नाही. दूध ठेवून ती खाली गेली.

शेवटी ठरलं ते असं. मी नवा रायपूरला परत जाईन. नोकरी सोडणार नाही. पण बरं नसेल त्या दिवशी, त्याच दिवशी, प्रज्ञाला सांगेन. एकदा जरी लपवलं, तर ती स्वतः येऊन क्वार्टरची किल्ली ऑफिसात जमा करेल. पोट्टी माझीच आहे, ती करेल याबद्दल मला शंका नव्हती. मी हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, सोपं आहे.

*

परत आले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चढायला लागलं होतं. तिसरा मजला चढताना दर मजल्यावर थांबत होते. कोणी बघत नव्हतं, त्यामुळे थांबायला लाज वाटली नाही. एकटं राहण्याचे असेही फायदे असतात.

व्यायाम परत कसा सुरू करायचा हे बरेच जण विचारतात, म्हणून सांगते. आधी घरातल्या घरात. मग इमारतीभोवती. चालताना गाणं गुणगुणता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी. कालच्याहून आज थकवा जास्त वाटला तर उद्या सुटी. धुकं आणि धूर असेल त्या सकाळी बाहेर पडायचं नाही, ऊन वर येऊ द्यायचं. गर्दीच्या बसमध्ये मास्क लावायचा, हसणारे हसतील. फ्लूची लस मी घेतली आहे, न्यूमोनियाची घ्यायची का हे आपापल्या डॉक्टरांना विचारा. आणि झोप. झोपेला मी व्यायामातच धरते आता. शर्यतीचा बिल्ला आणि टी-शर्ट मला ऑफिसातल्या मुलांनी आणून दिला होता. टी-शर्ट चांगल्या कापडाचा आहे, घरात वापरते.

महिनाभर रेटल्यावर पहिल्यांदा दोन दिव्यांच्या खांबांमध्ये हळूच पळून बघितलं. छाती भरून आली, ती दमानं. पण कळ आली नाही.

*

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी उठले तर घसा दुखत होता.

मी गॅलरीत उभी राहिले. थर्मामीटर लावला, ताप होता, थोडाच. रस्ता रिकामा, हवा स्वच्छ, पळायला सुरेख सकाळ. मी बूट घातले नाहीत. तो धडा पाठ झाला होता, त्यात मला काही कष्ट पडले नाहीत. कष्ट फोनचे पडले.

फोन हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले. मला काय काय सुचलं ते सांगते. तिची मीटिंग असेल. ऊन बाधलं असेल, दुपारपर्यंत उतरेल. आधी बघू, मग सांगू. लपवणं आणि उशिरा सांगणं एकच नाही. हे सगळं मला अगदी खरं वाटत होतं. आणि या सगळ्याखाली एकच गोष्ट होती: सांगितलं की ती येईल, बॅग भरून येईल, किल्ली देऊन टाकेल, आणि मी पुन्हा कोणाच्या तरी वरच्या खोलीत गादीवर पडून राहीन.

मी फोन लावला.

“आज बरं नाही मला. घसा धरलाय. ताप आहे थोडा.”

पलीकडे गडबड ऐकू येत होती, कोणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं. ती म्हणाली, “कितना?”

मी आकडा सांगितला. खरा.

“साँस?”

“ठीक आहे. बोलते आहे ना तुझ्याशी.”

“छाती में कुछ?”

“नाही.”

“जूते?”

“कपाटात.”

मी वाट बघत होते. आता म्हणेल, मी निघते.

“ठीक है,” ती म्हणाली. “आज ऑफिस मत जाना. शाम को फिर नापके बताना. बढ़ा तो मामा को फ़ोन करूँगी, वो ले जाएँगे डॉक्टर के पास.”

“तू येत नाहीयेस?”

“क्यों आऊँ? बताने को बोला था, आपने बता दिया. अब सो जाओ.”

फोन ठेवला. मला हायसं वाटलं, घर माझ्याकडे राहिलं होतं. आणि वाईटही वाटलं, कारण ती येत नव्हती. ती येऊ नये म्हणून इतके महिने धडपडले, आणि आता खिडकीतून दिसणाऱ्या त्या रुंद रस्त्याकडे बघत मी विचार करत होते की हैदराबादहून सकाळची गाडी कितीला येते.

दोन्ही खरं आहे. त्यातलं एक खोडून मला हे लिहिता आलं असतं, पण मग तुमच्या उपयोगाचं राहिलं नसतं.

मी पाणी गरम केलं, मीठ टाकून गुळण्या केल्या, ऑफिसात रजेचं कळवलं. पंखा बारीक केला आणि भर दिवसा, पांघरूण न घेता, झोपले.